ठेक्याला बांधलेला रंग

जुबेदा आपाने पहिल्याच भेटीत माझी लायकी काढली. तेव्हा मी छत्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, अकोल्यात जठारपेठेत लग्नपत्रिकांचं स्वतःचं दुकान असलेला माणूस होतो. शेजारी मोहनशेठचा व्हिडिओ स्टुडिओ होता. त्याच्या मागच्या खोलीत लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग, म्हणजे काटछाट आणि गाणी चढवणं, करायला एक बाई बसते, एवढंच मला ठाऊक होतं. एका नवरदेवाचं नाव नीट कसं लिहायचं हे विचारायला तिने मला बोलावलं. वऱ्हाडी ती फर्डी बोलायची, पण शाळा उर्दूतली. कॅसेटच्या सुरुवातीला येणाऱ्या नावांत चूक राहिली की वरपक्षाकडचा एखादा मास्तर हमखास उगवतो, याचा तिने धसका घेतला होता. मी नाव लिहून दिलं आणि उगाच शहाणपणा केला. म्हटलं, “आता तर कॉम्प्युटर आला आपा. बटन दाबलं का फोटो गान्यावर नाचते. तुमाले काय काम उरलं?”

तिने मान वळवली नाही. “वानखडेभाऊ, गानं लावते. तुमी ठेक्यावर टाया वाजवा.”

मी वाजवल्या. दहा-बारा झाल्यावर तिने गाणं बंद केलं.

“तुमाले कानच नाई,” ती म्हणाली. “ठेका पडून गेला का मंग टाई वाजोता. तुमी पत्रिकाच छापा.”

मी दुकानात परत आलो आणि दिवसभर टेबलावर बोटं आपटत बसलो. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, कान शोधतोय. तिथून आमची जी ओळख झाली ती सहा वर्षं टिकली, आणि त्या सहा वर्षांत आपाने मला कान असल्याचं एकदाही मान्य केलं नाही.

आपाच्या खोलीला दाराऐवजी हिरवा पडदा होता. पडदा बाजूला असला तर कोणीही आत जावं. पडदा ओढलेला असला की बायकांच्या बाजूचा टेप चालू आहे, आणि मग खुद्द मोहनशेठलाही आत मज्जाव. स्टुडिओ त्याचा, कॉम्प्युटर त्याचा, पंखा त्याचा, पण तो बाहेर उभा राहून खाकरायचा. मुसलमान घरांतल्या लग्नांत जनान्यातलं शूटिंग बाईच करायची आणि ते बाईनेच पाहायचं असा रिवाज होता. बाळापूरपासून मूर्तिजापूरपर्यंतच्या घरांनी ते टेप फक्त आपाच्या हातात दिले. मग हे बघून हिंदूंच्या बायकाही हुशार झाल्या. हळदीचा टेप, मांडवातल्या नाचाचा टेप, “आपालेच द्या हो, त्या पोट्ट्याइच्या हाती देऊ नका” असं बजावून येऊ लागला. मोहनशेठचा अर्धा धंदा त्या हिरव्या पडद्यावर चालत होता. हे त्याला कळत होतं आणि सलतही होतं.

तिचा एक नियम होता. नवरीने येऊन पाहिल्याशिवाय कॅसेट पक्की व्हायची नाही. सासरा येवो, भाऊ येवो, आपा म्हणायची, “नवरीले पाठोवा.” नवरी आली की तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवायची, आपण स्टुलावर. नवरी म्हणेल ते काढायचं, म्हणेल ते ठेवायचं. “तोंड ज्याचं, मर्जी त्याची,” हे तिचं वाक्य सगळ्या पेठेला पाठ होतं. एका लग्नात एक पुढारी वीस मिनिटं स्टेजवर थांबला होता, आशीर्वाद देत, हार घेत, कॅमेऱ्याकडे बघत. नवरी म्हणाली, हे कोण आहेत मला माहीत नाही. आपाने त्याचा हात अक्षता टाकताना तेवढा ठेवला. पुढाऱ्याचा माणूस भांडायला आला. आपा म्हणाली, “हात हाये ना त्याइचा? अंगठीवून वळखून घ्या.” मोहनशेठने त्या दिवशी मधल्या मध्ये चार वेळा चहा मागवला.

दिसायला ती लहानखुरी. चष्म्याला दोन्हीकडून काळा दोरा, तोंडात सुपारी, ओढणी कानामागे खोचलेली, कारण कान मोकळे पाहिजेत. चाळिशी उलटली होती आणि निकाह केला नव्हता. कोणी विचारलं तर म्हणायची, “इतक्या लोकाइचे लग्नं पाहिले, का आता नवीन काय पाहाचं रायलं?” कोणतीही गोष्ट सांगा, तिचा पहिला शब्द ‘नाई’. चहा घेता का आपा? नाई. आणि मग चहा घ्यायची.

बाप तिचा बाळापूरचा पिंजारी. गादीचा कापूस पिंजायची ती मोठी धनुकली, ती छताला टांगलेली, आणि लाकडी ठोकणीने तारेवर ठोका पडला की कापूस उडायचा. आपा म्हणायची, “आमच्या घरात घडी नोती. अब्बाचा ठोका होता. ठोका चुकला का समजाचं, अब्बा थकला, पानी न्या.” तिचा कान असा तयार झालेला. ती सांगायची की कापूस ठोका पडल्यावर उडतो, पण नजर ठोकणी उचलली जाते तेव्हाच तिकडे जाते. म्हणून पडद्यावरचं चित्र ठेक्यावर बदलायचं नाही. ठेक्याच्या दोन फ्रेम आधी बदलायचं. “कानाले आवाज पोचाच्या आधी डोयाले खबर पायजे.” हे तिला कोणत्याही पुस्तकाने शिकवलं नव्हतं. पुढे पुण्याहून एक शिकलेला मुलगा आला होता, त्याने हेच इंग्रजीत सांगितलं, तेव्हा आपाने त्याच्याकडे चोर पकडल्यासारखं पाहिलं.

सुरुवातीला हे सगळं हातानेच चाले. गाण्याचा आवाज कॉम्प्युटरवर डोंगररांगेसारखा दिसतो. ठेका पडतो तिथे डोंगर उंच. आपा त्या प्रत्येक डोंगराजवळ एक ठिपका ठेवायची आणि त्या ठिपक्यावर चित्र मोठं कर, फिरव, उजळ कर, असं सांगायची. एका गाण्याला चारशे ठिपके. लाइट गेली की त्यातले निम्मे हवेत जायचे, म्हणून दहा ठिपक्यांनी एकदा सेव्ह करायचं हा तिचा नेम. मग मोहनशेठने नागपूरहून नवं सॉफ्टवेअर आणलं. त्यात ठिपके ठेवायचं कामच नव्हतं. चित्राचा रंग, आकार, चमक, काय पाहिजे ते गाण्याच्या आवाजाला बांधून टाकायचं. आवाज चढला की चमक चढेल, उतरला की उतरेल, आपोआप. बैलाला कासऱ्याने बांधावं तसं. मला वाटलं आपा भडकणार. ती चक्क हसली. “चला,” म्हणाली, “नोकर भेटला एक.”

नोकराने पहिल्याच कामात मालकिणीचं नाव काढलं. बार्शीटाकळीजवळच्या एका गावातलं लग्न होतं, नवरी वनिता, नवरदेव गजानन. गजाननची थोडी शेती, आणि बार्शीटाकळीत पाण्याच्या मोटारी गुंडाळून द्यायचं दुकान. मंगलाष्टकांच्या वेळी पडद्यावर पत्त्यांतल्यासारखे लाल बदाम उडवायचे, ते अक्षतांच्या ‘सावधान’वर फुटायला हवेत, म्हणून आपाने बदाम बांधले ते वर टाकलेल्या गाण्याला नाही, तर मांडवातल्या माइकच्या आवाजाला. माइकच्या शेजारी नवरदेवाचे मामा उभे होते आणि मामांना दमा होता. ‘सावधान’ला एक-दोनच बदाम उडाले. मामा खोकले की मात्र पडदा बदामांनी भरून जायचा. भटजी बिचारे मधुर आवाजात म्हणताहेत, बदाम ढिम्म. मामा घशात नुसती खरखर करताहेत, की चार बदाम तयारीत.

आपाला ही चूक दिसली ती नवरी शेजारी बसलेली असताना. ती पुसायला धावली. वनिता पोट धरून हसत होती. पडद्याबाहेर मी माझ्या दुकानात बसून तिचं हसणं ऐकलं, इतकं ते मोठं. “राहू द्या आपा! मामाजी खोकलले का दिल उडते. हे काढसान तर मी कॅसेट नेत नाई!” बदाम राहिले.

त्याच दिवशी वनिताने दुसरी एक अट घातली. पाठवणीच्या वेळी ती जीव तोडून रडली होती, आईच्या गळ्यात, बहिणीच्या गळ्यात, म्हशीच्याही गळ्यात. असं रडणं कॅसेटमध्ये कोणी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठेवत नाही. तिच्या मैत्रिणीचं असंच कापलं होतं आणि मैत्रिणीला ते लागलं होतं. वनिता म्हणाली, “माहं रडनं कापू नका आपा. मी मनापासून रडली. पूर्ण ठेवा.” अकरा मिनिटं रडणं, आपाने एक सेकंद कापला नाही. मागे डफडं वाजत होतं, तेही तसंच ठेवलं. शेवटी जीपमध्ये बसल्यावर वनिता नाक पुसते आणि करवलीला काहीतरी सांगून फिसकन हसते, तिथे कॅसेट संपायची. आपाला आपल्या सगळ्या कामात ती अकरा मिनिटं फार आवडायची. “रडनं इतकं साजरं कोनाले जमते?” म्हणायची.

मग ती वर्षं आली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी आमचं वऱ्हाड पेपरच्या पहिल्या पानावर गेलं आणि बराच काळ तिथून हललं नाही. माझ्याकडची चार पानांची पत्रिका एका पानावर आली, सोनेरी गणपती गेला, साधा लाल राहिला. लग्नं व्हायची, पण लोक आवाज न करता लग्नं करत. आणि बाहेरून गाड्या येऊ लागल्या. कॅमेरे घेऊन, वह्या घेऊन, जीपवर चिखल लावून. त्यातले कित्येक चांगले लोक होते, मी नाही म्हणत नाही. पण एकेका घरासमोर तीन-तीन कॅमेरे उभे असत आणि घरातल्या बाईला तेच ते पुन्हा सांगायला लावत. चीड यायची. आपल्या दारात येऊन आपल्यालाच आपलं दुःख कसं धरायचं ते कोणी शिकवावं, याची मला आजही चीड येते.

अशीच मुंबईची एक मंडळी मोहनशेठच्या स्टुडिओत आली. टीव्हीसाठी अर्ध्या तासाचा कार्यक्रम करत होती. त्यांचा मिक्सिंगवाला आजारी पडला म्हणून त्यांनी आठ दिवस मोहनशेठची खोली घेतली, आपासकट. त्यांचे मुख्य साहेब तिशीतले, खादीचा कुर्ता, बोलणं लोण्यासारखं मऊ. त्यांनी आपाला कल्पना समजावून सांगितली. सगळं चित्र काळंपांढरं ठेवायचं. मागे एक ढोल, सावकाश, चार-पाच सेकंदांनी एकदा. ढोल पडला की चित्रात क्षणभर रंग येईल आणि मग विझत जाईल. विझला की पुन्हा ढोल.

आपाने रंग ढोलाला बांधून दिला. शेतं, कापसाची बोंडं, बंद पडलेलं जिनिंग, ओस आवार. काम सुरेख झालं, ती स्वतःच म्हणाली. “मानूस अडानी नाई,” साहेबांबद्दल तिचं हे प्रशस्तिपत्र. माझ्या आठवणीत एवढं कौतुक तिने दुसऱ्या कोणाचं केलेलं नाही.

घोडं अडलं ते चेहऱ्यांवर. साहेबांनी गावोगाव फिरून नवरा गेलेल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्या बोलल्या, सगळं सांगितलं, हिशोबाने, थंडपणे, पण कॅमेऱ्यासमोर एकही रडली नाही. एकीने तर मध्येच उठून गोठ्यात जाऊन म्हशीला पेंड टाकली होती. साहेबांना ढोलाच्या शेवटच्या ठोक्यांसाठी डोळ्यांतलं पाणी हवं होतं. मोहनशेठ म्हणाला, रडणं ना? रडण्याचं माझ्याकडे कपाट भरलेलं आहे. आणि त्याने वनिताचा टेप काढून दिला.

आपा म्हणाली, “नाई.” आणि या वेळी नंतर चहा घेतला नाही.

“हे बिदाईचं रडनं हाये,” ती म्हणाली. “नवरा जिता हाये तिचा. मोटारी गुंडायून राह्यला तिकडे.”

साहेब समजुतीने बोलले. नाव देणार नाही, चेहरा किंचित धूसर करू, लाल शालू काळापांढरा झाला की कोणाला कळतंय. “आणि आपा, दुःख तर खरंच आहे ना इथलं?”

“दुःख खरं हाये म्हनून त्याले खोटं तोंड लावाचं?”

साहेबांनी टेप टेबलावर परत ठेवला. मला वाटलं, संपलं. गावात सवाष्ण बाई टीव्हीवर विधवा म्हणून दिसली तर सासरी तिचं काय होईल, हे मोहनशेठला तरी कळायला हवं होतं. जन्मभर कोणी ना कोणी म्हणत राहील, हिनेच नवऱ्यावर अवदसा आणली. पण दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. आपा जुम्म्याला दुपारी घरी जायची, आईला नमाजसाठी तयार करून, जेवून परत यायची. तेवढ्यात साहेबांनी स्वतःच टेप लावला. आठ दिवसांत बघून बघून तेही शिकले होते. अकरा मिनिटांतले चाळीस सेकंद उचलले, ढोलाखाली टाकले, रंग बांधलेलाच होता. चार वाजता सगळ्यांनी मिळून कार्यक्रम पाहायचा असं ठरलं.

आपा तीनला आली. तिने ते पाहिलं. मला नंतर कळलं की तिने काहीच पुसलं नाही. ती आत गेली आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच, बायकांचा टेप नसताना तिने पडदा ओढला.

चार वाजता पडदा उघडला. साहेब, त्यांचा कॅमेरावाला, मोहनशेठ, आणि ढोल ऐकायला म्हणून दारात मी. कॅमेरावाल्याच्या खांद्यावर कॅमेरा होताच. मिक्सिंगची खोली, पंखा, आपाची बोटं असं काहीबाही तो टिपत होता. आपाने सुरू केलं.

ढोल वाजलाच नाही. डफडं वाजलं. वनिताच्या लग्नातलं, तिच्याच टेपवरचं, बार्शीटाकळीच्या डफडेवाल्यांचं, अंगात आल्यासारखं. आणि तो रंग, जो आवाज पडला की यायचा आणि मग विझायचा, त्याला विझायला वेळच मिळेना. एक ठोका विझतोय तोवर तीन नवे. काळीपांढरी शेतं हिरवी होऊन थरथरायला लागली, बोंडं फुटल्यासारखी चमकली, बंद जिनिंगचं तांबडं दार भडकलं. मग वनिता आली. लालभडक शालू, आईच्या गळ्यात पडून, मनापासून, अगदी मनापासून रडतेय, आणि प्रत्येक ठोक्याला तिचा चेहरा उजळतोय. आपाने चाळीस सेकंदांवर थांबवलं नव्हतं. ती रडणं पुढे नेत गेली, जीपपर्यंत, नाक पुसण्यापर्यंत, हसण्यापर्यंत.

“हे काय केलं?” साहेब म्हणाले.

“काईच नाई केलं. सेटिंग तुमचंच हाये. मी फक्त तिचं गानं तिले वापस देल्लं.”

मग भांडण झालं. मोहनशेठ ओरडला की हा टेप माझा आहे, कॅमेरा माझा होता. आपा म्हणाली, “क्यामेरा तुमचा, डोये तिचे.” साहेब समजावत होते, इतकी माणसं मरताहेत, देशाला कळायला हवं, तुम्ही एका बाईचा विचार करताय. आपा उभी राहिली. राग आला की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, धारा लागायच्या. तिला ओळखणारा माणूस अशा वेळी दोन पावलं मागे सरायचा. साहेब ओळखत नव्हते. ते पुढे झाले आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाले. आपा त्यांच्या तोंडासमोर उभी राहून उत्तर देत होती, पण कॉम्प्युटरवर डफडं फिरून फिरून वाजत होतं आणि मला दारात एक शब्द ऐकू आला नाही. कॅमेरावाला कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. कॅमेरा मात्र त्याने खाली घेतला नव्हता.

आपाने टेप काढून ओढणीत गुंडाळला, कॉम्प्युटरमधलं वनिताचं सगळं शूटिंग पुसलं आणि रिक्षाने एसटी स्टँडवर गेली. संध्याकाळच्या आत टेप वनिताच्या हातात होता. दुसऱ्या दिवशी मोहनशेठ म्हणाला, माफी माग. आपाचा पहिला शब्द काय असणार ते सांगायला नको. या वेळी दुसराही तोच होता. तिने चष्म्याचा जादा दोरा, सुपारीची डबी आणि हिरवा पडदा घेतला. पडदा तिचा स्वतःचा होता. पुढच्या महिन्याभरात नऊ घरांनी मोहनशेठकडून बायकांचे टेप परत मागितले. मला याचा आनंद झाला आणि तो मी लपवला नाही. अमरावतीला तिचा मावसभाऊ होता, त्याच्या घरात एक खोली घेऊन तिने स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं.

आपाला मी शेवटचं पाहिलं ते ती जायच्या आधीच्या रविवारी. त्या दिवशी दुपारी चार वाजता तो कार्यक्रम लागणार होता. पुसलं तरी साहेबांकडे कुठे दुसरी प्रत असेल, ही धास्ती होती. वनिता आणि गजानन सकाळच्याच गाडीने अकोल्याला आले. माझ्या दुकानात टीव्ही होता. आपाने स्वतःचा व्हीसीआर आणून जोडला, कोरी कॅसेट घातली. वनिताचं तोंड दिसलं तर पुरावा पाहिजे, म्हणाली. वनिता खुर्चीच्या कडेवर बसली होती, पदर मुठीत. सासूने येताना तिला बजावलं होतं, टीव्हीत दिसलीस तर इकडे येऊ नको, माहेरी जा. गजानन तिच्या शेजारी कचोरी हातात धरून बसला होता आणि खात नव्हता.

कार्यक्रम सुरू झाला. शेतं, बोंडं, जिनिंग. ढोल सावकाश. रंग येतो, विझतो. खरं सांगायचं तर मन हलत होतं. शेवट जवळ आला. ढोल थांबला, सारंगी सुरू झाली, आणि पडद्यावर एका बाईचा चेहरा आला. काळापांढरा, संथ केलेला, गालांवरून पाणी वाहतंय, ओठ हलताहेत आणि आवाज नाही. खाली अक्षरं: पती गमावलेली शेतकरी महिला, जिल्हा अकोला.

वनिता नव्हती. आपा होती.

वनिताने पदर सोडला आणि ती रडायला लागली, सुटल्यामुळे की आपामुळे, तिलाच कळत नसावं. “माह्यापायी झालं आपा,” ती म्हणाली. माझ्या तोंडून एक शिवी गेली, ती इथे लिहीत नाही. आपा टीव्हीकडे एकटक पाहत होती. मग म्हणाली, “निकाह न करता बेवा झाली मी.” आणि गजाननकडे वळून, “तू खाय ना रे कचोरी. तू वाचला.”

वनिताने डोळे पुसले. “आपा, तुमी हे काय म्हनून राहिल्या होत्या?”

आपा उठली, ओढणी कानामागे खोचली आणि टीव्हीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आमच्याकडे तोंड करून. “वानखडेभाऊ, मांगं न्या. आवाज बंद करा.”

मी कॅसेट मागे नेली, आवाज बंद केला. पडद्यावर तिचा चेहरा आला. ती त्याच्याकडे तिरकं बघत बोलू लागली, पण चित्र संथ केलेलं, तिचे शब्द पुढे धावले, ओठ मागे राहिले. तिने हात वर केला. “फिरून.” दुसऱ्यांदा शब्द मागे पडले. “फिरून.” बाहेर रस्त्यावर दोन-चार माणसं थांबली. पानवाला आला, समोरचा शिंपी आला. मोहनशेठ त्याच्या दारात येऊन उभा राहिला, पुढे आला नाही.

तिसऱ्यांदा तिने श्वास घेतला तो पडद्यावरचे ओठ उघडायच्या आधी. भांडणाच्या दिवशी साहेब तिला हळूच म्हणाले होते, आपा, रडू नका, एवढं तिने मला मागे सांगितलं होतं. त्यावर तिने दिलेलं उत्तर पडद्यावर होतं, मुकं, ताणलेलं, सारंगीसाठी कापलेलं. आपाने ते तितक्याच संथपणे, एकेक शब्द ओढत, स्वतःच्या ओठांवर बसवलं.

“मी... रडून... नाई... राहिली. मी... भांडून... राहिली.”

एकही शब्द इकडेतिकडे झाला नाही. पडद्यावरचं तोंड मिटलं तेव्हा तिचंही मिटलं. चित्र पुढे सरकून रिकामं शेत आलं, तरी आपा तशीच उभी होती, गालांवर पाणी, आणि आमच्यातला कोणीही तिला रडू नका म्हणाला नाही.